बाहेर सोसाट्याचा वारा सुटलेला असताना घरात पडून तो ऐकायला इतकं बरं का वाटतं?

मला विचाराल तर डोक्यावर छप्पर असणं हे अर्धंच कारण. कुठला आवाज कशाचा हे कळत असेल तरच माणूस निवांत पडून वारा ऐकू शकतो. परक्या घरात तोच वारा झोप उडवतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्याजवळ, कौलारू. जूनमध्ये पश्चिमेचा वारा लागला की माजघरात पडल्या पडल्या सगळं वेगवेगळं ऐकू येतं. माडाच्या झावळ्या अशा तडतडतात की पाऊस आला म्हणून कुणीतरी दोरीवरचे कपडे काढायला धावतंच. सुरूच्या बनातून मात्र अखंड सूंऽऽ येत राहतं. झोत कौलांखाली शिरला की वळचणीकडून कोन्याकडे एक खडखड सरकत जाते. मध्येच आई अंथरुणातूनच म्हणते, "न्हाणीचं दार कोणी उघडं टाकलंय?" आणि ते खरंच उघडं असतं.

या आवाजांमागचं कारणही सुंदर आहे. मोकळ्यावर वाहणारा वारा फारसा वाजत नाही, आडवं काही आलं की वाजतो. तारेला किंवा काडीला वळसा घालताना तिच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात आणि त्यांचाच सूर होतो. चेक शास्त्रज्ञ विन्सेंझ स्ट्रूहाल यांनी १८७८ साली दाखवून दिलं की हा सूर वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात पाच मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला साधारण ४०० कंपनांचा सूर काढते. सुरूच्या काड्या जेमतेम मिलिमीटरभर जाड, म्हणून त्यांचा सूर कितीतरी वर, दोन हजारांच्या आसपास. आणि वेग वाढला की सूर चढतो, म्हणून झोत येतो तेव्हा वारा किंचाळल्यासारखा वाटतो. बोफर्टच्या वाऱ्याच्या मोजपट्टीत सहाव्या पायरीची, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची, एक खूणच आहे: तारा शीळ घालू लागतात आणि छत्री सांभाळणं कठीण होतं. माझ्या मते घरात बसून ऐकायला हाच वारा सर्वांत चांगला. आठव्या पायरीला डहाळ्या मोडायला लागतात, तिथे माझी मजा संपते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी शंभराच्या वर होता. त्या दुपारी वेगवेगळे आवाज उरलेच नाहीत, सगळ्याचा मिळून एकच घोष. माड पडला तरी कुठला पडला ते कळेना. नंतर कौलं मिळेनात म्हणून पडवीवर पत्रे घातले. आता पत्र्याचा आवाज कौलांसारखा नाही. साध्या झोतालाही तो धडधडतो. आई कितीतरी दिवस वारा सुटला की उठून बसायची. छप्पर नवं होतं, मजबूत होतं, पण त्याचा आवाज तिच्या कानाला माहीत नव्हता. हळूहळू पत्र्याचा कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नाही हे तिला कळायला लागलं, तेव्हा ती परत पडून राहायला लागली.

शहरातल्या फ्लॅटमध्येही हेच. सरकत्या खिडकीची शीळ रात्री भुतासारखी वाटते, पण ती एका अरुंद फटीची असते. फटीवर बोट फिरवून बघा, एका जागी सूर एकदम बंद पडेल. तिथे कापडाची पट्टी कोंबता येते, किंवा आता कळलंय म्हणून तशीच राहू देता येते. मी राहू देईन. पत्रा फडफडत असेल तर मात्र ते ऐकत पडू नका. वारा ओसरला की त्याचे हूक आवळून घ्या, आणि घराजवळच्या माडाच्या सुकलेल्या झावळ्या मे महिन्यातच पाडेकऱ्याकडून उतरवून घ्या.