फ्लॅट आत्ताच मुलीच्या नावावर करू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं वय 68. यजमान राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, आता ते नाहीत. मुलगा 36 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. पुण्याला दिलेली मुलगी म्हणते, ‘दादाचं मी बघेन.’ म्हणून स्वतःच्या नावावरचा फ्लॅट तिला बक्षीसपत्राने देऊन मोकळं व्हावं, असं तुम्हाला वाटतंय.

तसं करू नका. मुलीवर शंका नाही. पण उद्या तिचंच काही बरंवाईट झालं आणि तिचं मृत्युपत्र नसेल, तर घर तिच्या नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाईल. भावाचा त्यावर हक्क नसेल.

त्याऐवजी मृत्युपत्र करा. तुमच्यामागे फ्लॅट मुलासाठीच्या खासगी ट्रस्टकडे जाईल, म्हणजे विश्वस्त तो फक्त मुलाच्या भल्यासाठी सांभाळतील, असं त्यात लिहा. विश्वस्त तिघं ठेवा: मुलगी, तुमचा भाचा आणि एक जाणकार त्रयस्थ. बहिणीने भावाला वेळ द्यावा, हिशेबाचं ओझं एकटीने का वाहायचं?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या 30 लाखांवर तिमाहीला येणारे 61,500 रुपये तुमच्यामागे थांबतील. मुद्दल नॉमिनीला मिळेल, आणि नॉमिनी आहे मुलगा! त्याच्या वतीने सही कोण करणार? अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. कुटुंब निवृत्तिवेतनाचंही बघा. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते तुमच्यानंतर हयातभर मिळू शकतं, पण त्याची नोंद आत्ताच करून घ्या.

पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. कार्यशाळेत कागदी पिशव्या करून दर शनिवारी तो शंभराची नोट आणतो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून स्वतः पाव घेऊन येतो. पुण्याला नेलं तर ही कार्यशाळा, ही बेकरी, तिथले मित्र, सगळं एका दिवसात सुटेल, आईही नसेल. म्हणून फ्लॅट लगेच विकावा, असं मृत्युपत्रात लिहू नका. घरी राहणारा मदतनीस ठेवून तो तिथेच राहू शकतो का, हे तुम्ही असतानाच चार दिवस मुलीकडे जाऊन अजमावा. त्याची औषधं, आवडी, कशाला घाबरतो, हे एका वहीत लिहून काढा. विश्वस्तांना ती वही लागेल.

आणि कुठे राहायला आवडेल, हे त्यालाही विचारा. वकिलाकडे जाण्याआधी.