आधी फुगा फोड

चि.,
अनेक आशीर्वाद.

देवळाचा घुमारा टिपून तो संगणकात पुन्हा उभा करायचा, या तुझ्या प्रकल्पाची मेल तीनदा वाचली. ॲम्बिसॉनिक्स (चहूबाजूंचा आवाज टिपायची रीत) पहिल्या क्रमाचं घेऊ की तिसऱ्या, माइक कुठला, अर्ज फिनलंडला करू की जर्मनीला, लोकांना हेडफोनवर ऐकवू की चोवीस स्पीकरच्या घुमटात बसवू. आणि अगदी तळाशी, जाता जाता: गावच्या देवळाचा जीर्णोद्धार दिवाळीनंतर सुरू होतोय, सभामंडपाला ग्रॅनाइट आणि वर पीओपी.

अगं, मेल तिथून सुरू करायची होतीस!

आधी फुगा फोड, म्हणजे जुना सभामंडप उभा आहे तोवर त्याचा घुमारा टिपून ठेव. बाकीचं नंतर बोलू.

इस्तंबूलच्या आया सोफियाची गोष्ट वर्गात सांगितली होती, तेव्हा तू शेवटच्या बाकावर काहीतरी सोल्डर करत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. तिथे गायला परवानगी नव्हती. 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या कलेतिहासकार बिसेरा पेन्चेव्हा यांच्या प्रकल्पासाठी त्या रिकाम्या वास्तूत फुगे फोडले आणि ते आवाज टिपून आणले. एवढंच. जोनाथन एबल आणि मंडळींनी फुगे फुटल्याच्या त्या आवाजांतून दहा सेकंदांहून जास्त रेंगाळणारा घुमारा संगणकात उभा केला. मग कॅपेला रोमाना हा गायकवृंद कॅलिफोर्नियातल्या सभागृहात त्या संगणकातल्या घुमटाखाली गायला. गाताना त्यांची लय आपोआप संथ झाली. कुणी सांगितलं नव्हतं, जागेनं सांगितलं. तुमच्या बुवांना तू तुझ्या संगणकातल्या खोट्या सभामंडपात उभं करशील, तेव्हा अभंगाची लय बदलते का, हे बघायचंय मला. आलेखबिलेख मागाहून.

फुगा चोख नसतो, हे मलाही कळतं. लहान फुगा खर्जात कमी पडतो, दर वेळी वेगळा फुटतो, चहूकडे सारखा आवाज फेकत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ अँजेलो फरिना यांनी 2000 मध्ये मांडलेली रीत, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर स्पीकरमधून सोडायचा आणि गणितानं उलटा सोडवायचा, ती कितीतरी सरस. मी तीच शिकवतो. पण ती रीत वापरायला भिंती जागेवर असाव्या लागतात.

आता माझं. एका तालुक्याच्या गावी कौलारू नाट्यगृह होतं. लाकडी तुळया, कुडाचा मागचा भाग, शेवटच्या रांगेत बसलं तरी नटाचा श्वास ऐकू यायचा, तोही माइकशिवाय. मी त्याचे नकाशे काढले, मॉडेल केलं, प्रत्येक तुळईचा शोषणांक (ती किती आवाज गिळते) ठरवला. मोजणी तेवढी राहिली, कारण मला चहूकडे सारखा आवाज फेकणारा बारा तोंडांचा स्पीकर हवा होता आणि त्याचा खर्च मंजूर व्हायचा होता. मंजूर झाला. स्पीकर घेऊन गेलो तर कौलं अंगणात रचून ठेवलेली आणि आत एसीचे डक्ट.

त्या नाट्यगृहाचा आज माझ्याकडे एकच इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका झटक्याच्या आवाजाला जागेनं दिलेलं उत्तर, आहे. तालमीच्या एका कॅसेटवर कुणाच्या तरी हातून लोखंडी घडीची खुर्ची पडते. खाड्, आणि लगेच उलटून दुसरं खाड्. त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत जेवढी शेपटी ऐकू येते, तेवढंच ते नाट्यगृह शिल्लक आहे. खिशात एक फुगा असता तर!

म्हणून मी हट्टी झालो. सरांचे पेपर थोडे आणि हार्ड डिस्का फार, असं डिपार्टमेंटमध्ये म्हणतात ते माझ्या कानावर आहे. म्हणोत. माझ्याकडे पडलेल्या वाड्यांचे आवाज आहेत, बुजवलेल्या एका बारवेचाही आहे. पेपर कधीही लिहिता येतो. (लिहीनच. निवृत्तीनंतर.)

तुझ्या बाकीच्या प्रश्नांना एका ओळीत उत्तरं. पहिल्या क्रमाला चार चॅनल लागतात, तिसऱ्याला सोळा. तुझ्या वहिनीच्या लग्नासाठी घेतलेल्या रेकॉर्डरला चार जमतात, तेव्हा पहिला क्रम. फिनलंड कुठे पळत नाही.

काकडा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात जा, पहाटे चारला. पंखे, ट्यूबलाइट, दानपेटीशेजारचा तो फ्रीज, सगळं बंद. गुरवांना आदल्या दिवशी सांग, नाहीतर फटाका समजून धावत येतील. मोठ्यात मोठे फुगे घे. बुवा उभे राहतात तिथे फोड, माइक बाया बसतात तिथे, मग खांबाआड, मग गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी. प्रत्येक ठिकाणी तीन. लेव्हल वाटते त्याहून बरीच खाली ठेव. पहिला फुगा क्लिप होतोच, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतोच.

आणि हो, सतरंज्या. हार्वर्डमध्ये सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं 1895 पासून रात्री जागून, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून आणून खोलीचा घुमारा मोजला. तुझ्याकडे देवळाच्या सतरंज्या आहेत. एकदा गुंडाळून मोज, एकदा अंथरून. जमलं तर एखाद्या एकादशीला, माणसं बसलेली असताना, बुवांच्या परवानगीनं एकच फुगा. म्हाताऱ्या आज्या हसतील, हसू दे, पण त्याआधी चार सेकंद गप्प बसायला सांग.

फाइलच्या नावात सतरंजी आहे की नाही ते लिही. तापमानही. रविवारी रात्री फोन करतो, तोवर फुगे आणलेले असू देत.

तुझा,
सर