‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कार्ड गेममधला अँडुइनचा सिनॅरिओ एकट्याने जिंकायला डेक कसा बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फँटसी फ्लाइटचा २०११ चा एकच कोअर सेट (मूळ डबा) आहे, सोबत खेळायला कोणी नाही. पहिला, मर्कवूडचा सिनॅरिओ कसाबसा जमतो. पण दुसऱ्यात, म्हणजे ‘जर्नी अलाँग द अँडुइन’मध्ये, हिल ट्रोल येतो आणि दोन-तीन फेऱ्यांत डाव संपतो. मग ‘ट्रोलला पुरून उरेल’ असा डेक कोणता?

ट्रोलला पुरून उरेल असा डेक बांधूच नका. ट्रोल तुमच्या अंगावर कधी येणार हे तुम्ही ठरवाल, असा डेक बांधा. बहुतेक डाव इथेच हातचे जातात. लोक तगडे हिरो निवडतात, त्यांची थ्रेट (शत्रूंचं लक्ष वेधणारा आकडा: हिरोंच्या आकड्यांच्या बेरजेने सुरू होतो, दर फेरीला १ ने वाढतो) जास्त असते आणि ट्रोल पहिल्याच फेरीत दारात उभा राहतो.

आकडे बघा. हिल ट्रोलची एंगेजमेंट कॉस्ट ३०, हल्ला ६, बचाव ३, हिट पॉइंट ९. पण स्टेजिंग एरियात (उघडलेले शत्रू आणि लोकेशन जिथे थांबतात तिथे) असताना त्याची स्वतःची थ्रेट, म्हणजे तुमच्या क्वेस्टला होणारा अडथळा, फक्त १! म्हणजे तो तिथे बसून असेल तर निरुपद्रवी. तुमची थ्रेट ३० ला पोचली की तो खाली उतरतो. अ‍ॅरागॉर्न (१२), एओविन (९) आणि बेरावोर (१०) घेतलेत तर सुरुवातच ३१ ने होते, म्हणजे पहिल्याच एन्काउंटर फेजला ट्रोल हजर. बेरावोरऐवजी डेनेथॉर घेतलात तरी २९. एकच फेरी मिळाली.

माझी निवड थिओड्रेड (८), एओविन (९), डेनेथॉर (८). बेरीज २५. क्वेस्ट (दर फेरीची मोहीम: तुमची विलपॉवर विरुद्ध स्टेजिंग एरियातली थ्रेट; हरलात की तुमची थ्रेट वाढते) एकदाही हरला नाहीत तर पहिल्या पाच फेऱ्या २५ ते २९ मध्ये जातात आणि सहाव्या फेरीला ट्रोल येतो. मध्ये एकदा ‘गलाध्रिम्स ग्रीटिंग’ खेळलात की थ्रेट ६ ने उतरते, आणखी सहा फेऱ्या पदरात पडतात.

तीन हिरो, तीन वेगळे स्फिअर (पत्त्यांचे गट: लीडरशिप, स्पिरिट, लोअर), ही जोखीम आहे हे मान्य. पत्ते हातात आणि रिसोर्स (पत्त्यांची किंमत चुकवायचे पैसे) भलत्याच हिरोकडे, असं होतं. पण एकच सेट असेल तर दोन स्फिअरमध्ये ५० कामाचे पत्ते भरत नाहीत, भरताड करावी लागते. आणि थिओड्रेड क्वेस्टला गेला की सोबतच्या एका हिरोला (किंवा स्वतःला) एक रिसोर्स देतो, त्यामुळे कोंडी बरीच सुटते. उदाहरणार्थ, दर वेळी तो रिसोर्स एओविनला दिलात आणि तिचं काही खर्च केलं नाहीत, तर तिसऱ्या फेरीच्या प्लॅनिंगला (पत्ते उतरवायच्या टप्प्याला) तिच्याकडे ५ जमतात आणि ४ चा ‘नॉर्दर्न ट्रॅकर’ उतरतो.

आता ५० पत्ते.

लीडरशिप १८: स्नोबोर्न स्काउट ३, गार्ड ऑफ द सिटाडेल ३, सिल्व्हरलोड आर्चर २, सन ऑफ आर्नोर २, फारामिर १, स्टुअर्ड ऑफ गोंडोर २, सेलेब्रियन्स स्टोन १, स्नीक अटॅक २, व्हॅलियंट सॅक्रिफाइस २.

स्पिरिट १२: नॉर्दर्न ट्रॅकर २, वाँडरिंग टूक २, अनएक्स्पेक्टेड करेज १, अ टेस्ट ऑफ विल २, हेस्टी स्ट्रोक २, द गलाध्रिम्स ग्रीटिंग २, ड्वार्व्हन टूम १.

लोअर १७: हेनामार्थ रिव्हरसाँग १, एरेबोर हॅमरस्मिथ २, ग्लेओवाइन २, डॉटर ऑफ द निमरोडेल २, फॉरेस्ट स्नेअर २, प्रोटेक्टर ऑफ लोरियन २, राडागास्ट्स कनिंग २, सीक्रेट पाथ्स २, लोरियन्स वेल्थ २.

आणि गँडाल्फ ३. एका पत्त्याच्या तीनच प्रती चालतात, म्हणून डब्यातला चौथा गँडाल्फ बाहेर.

सुरुवातीच्या सहा पत्त्यांत काय शोधायचं? आधी स्टुअर्ड, कारण तो हिरोला जादा रिसोर्स देतो. दोन प्रती असताना तो पहिल्या हातात येण्याची शक्यता साधारण २३ टक्के. तो नाही म्हणून हात बदललात तर एकूण सुमारे ४० टक्के. तेव्हा नुसत्या स्टुअर्डसाठी चांगला हात मोडू नका. स्नीक अटॅक आणि गँडाल्फ जोडीने आले असतील तर हात ठेवाच. स्टुअर्ड आला की बहुतेकांचा हात आपोआप थिओड्रेडकडे जातो, कारण पत्ता लीडरशिपचा. मी तो डेनेथॉरवर लावतो. लोअरचे पत्ते महाग आहेत, स्नेअर ३, वेल्थ ३, डॉटर ३, आणि डेनेथॉर घरी राहिला तर थिओड्रेडचा रिसोर्स त्याला मिळत नाही.

डेनेथॉर क्वेस्टला पाठवायचाच नाही. त्याला एक्झॉस्ट करून (आडवा करून) एन्काउंटर डेकचा, म्हणजे शत्रू आणि संकटांच्या गठ्ठ्याचा, वरचा पत्ता बघा, नको असेल तर तळाशी सारा. एकट्याच्या डावात फेरीला एकच पत्ता उघडतो, म्हणजे अख्खी फेरीच तुम्ही आधी बघितली. हे काम प्लॅनिंगमध्ये करा, पैसे खर्च करायच्या आधी. अडचण एवढीच की बघितलं की तो बचावाला उरत नाही. म्हणून अनएक्स्पेक्टेड करेज (हिरोला पुन्हा उभा करणारा पत्ता) मिळालं की त्यालाच. हेनामार्थही तेच बघण्याचं काम करतो, पण पत्ता तळाशी सारू शकत नाही.

आता ट्रोलचा हिशोब. या डेकचा गाभा हाच आहे.

गँडाल्फ उतरला की कोणत्याही एका शत्रूला ४ डॅमेज देऊ शकतो, आणि तो शत्रू स्टेजिंग एरियात असला तरी चालतो. या डॅमेजला बचाव आडवा येत नाही. स्नीक अटॅक १ रिसोर्सचा. गँडाल्फ हातातून थेट खेळात येतो आणि फेज संपली की परत हातात. तेव्हा पहिला स्नीक अटॅक क्वेस्ट फेजच्या सुरुवातीला, कोणाला पाठवायचं हे ठरवण्याआधी खेळा. ट्रोलला ४ डॅमेज, आणि वर गँडाल्फची ४ विलपॉवर क्वेस्टला. ट्रोल उरला ५. दुसरा स्नीक अटॅक जपून ठेवा. ज्या फेरीत ट्रोल एंगेज कराल (अंगावर घ्याल) त्या फेरीच्या कॉम्बॅट फेजला तो खेळा: आणखी ४, उरला १. ट्रोलचा हल्ला दुसऱ्या कोणावर तरी घ्या, मग गँडाल्फ हल्ला करतो: ४ वजा ३ म्हणजे १. ट्रोल मेला. खर्च दोन रिसोर्स, आणि गँडाल्फ पुन्हा तुमच्या हातात.

मधला तो एक हल्ला कोणी झेलायचा? नुसता डेनेथॉर पुढे केलात तर ६ वजा ३, म्हणजे ३ डॅमेज आणि त्याचे हिट पॉइंटही ३. गेला. पण त्याच्यावर प्रोटेक्टर ऑफ लोरियन असेल तर हातातले तीन पत्ते टाकून त्याचा बचाव ६ होतो आणि ओरखडाही उठत नाही. पत्ते आधीच टाकू नका. शॅडो पत्ता (हल्ल्याच्या वेळी शत्रूला मिळालेला उपडा पत्ता) उलटला की मग, डॅमेज मोजायच्या आधी, किती लागतात ते बघून टाका. स्टुअर्डची दुसरी प्रत अशा वेळी कामी येते.

प्रोटेक्टर नसेल तर अ‍ॅलाय (साथीदाराचा पत्ता) बळी द्यावा लागतो, आणि इथे कोणता अ‍ॅलाय हे महत्त्वाचं. अ‍ॅलाय मेल्यावर उरलेलं जास्तीचं डॅमेज ट्रोल तुमच्या थ्रेटमध्ये घालतो. स्नोबोर्न स्काउट (बचाव १, हिट पॉइंट १) दिलात तर थ्रेट ४ ने वाढते. गार्ड (० आणि २) दिलात तरी ४ च. हॅमरस्मिथ (१ आणि ३) दिलात तर फक्त २. स्वस्तातला स्काउट फेकायची सवय इतर सिनॅरिओंत बरी, इथे महागात पडते. अ‍ॅलाय गेला की व्हॅलियंट सॅक्रिफाइस खेळून दोन पत्ते ओढा. हाच पत्ता स्नीक अटॅकने आलेला गँडाल्फ हातात परतला तरी चालतो, कारण तोही खेळातून बाहेरच गेला.

फॉरेस्ट स्नेअरबद्दल एक गैरसमज फार आढळतो. तो शत्रू एंगेज झालेला असेल तरच लागतो, आणि अटॅचमेंट फक्त प्लॅनिंगमध्ये खेळता येते. म्हणजे ट्रोल आला त्या फेरीचा पहिला हल्ला चुकत नाही, स्नेअर पुढच्या फेरीला. त्यामुळे स्नेअर ही पहिली योजना नाही, दुसरा स्नीक अटॅक मिळाला नाही तर ट्रोलला बांधून ठेवायची सोय आहे.

पहिल्या स्टेजला ८ प्रोग्रेस लागते, पण एकही हिल ट्रोल खेळात असेतो ती स्टेज संपत नाही. याचा फायदा घ्या, घाई करू नका. इथे फेरीला एकच पत्ता उघडतो, पुढच्या स्टेजला दोन. ट्रॅकर, दोन-तीन विलपॉवरवाले अ‍ॅलाय आणि फारामिर किंवा स्टोन बसेपर्यंत ट्रोलला बसू द्या. ‘बँक्स ऑफ द अँडुइन’ हे लोकेशन आलं तर चैन आहे: थ्रेट १, तीन प्रोग्रेसमध्ये संपतं आणि डिस्कार्डमध्ये न जाता डेकच्या माथ्यावर परत जातं, म्हणजे पुढचा पत्ता कोणता ते माहीत. मात्र त्या फेरीत कोणी शत्रू एंगेज असेल तर तोच पत्ता त्याचा शॅडो म्हणून निघून जातो.

   ‘ग्लॅडन फील्ड्स’ हे लोकेशन अ‍ॅक्टिव्ह असताना (तुम्ही तिथे प्रवास केलेला असताना) दर फेरीला थ्रेट एकाने जास्त वाढते. तिथे जाण्यापेक्षा ते ट्रॅकरवर सोडा.

टेस्ट ऑफ विल (उघडलेल्या पत्त्याचा परिणाम रद्द करणारा पत्ता) कशावर घालवायचं? ‘नेक्रोमॅन्सर्स रीच’वर, कारण क्वेस्टला गेलेले सगळे एक्झॉस्ट असतात आणि प्रत्येकाला १ डॅमेज बसतं, हेनामार्थसारखे एका हिट पॉइंटचे अ‍ॅलाय तिथेच जातात. ‘इव्हिल स्टॉर्म’ तुमची थ्रेट ३५ च्या खाली असेल तर काहीच करत नाही, त्यावर पत्ता वाया घालवू नका. एओविनकडे सतत एक रिसोर्स शिल्लक ठेवा, टेस्टसाठी किंवा हेस्टी स्ट्रोकसाठी.

दुसऱ्या स्टेजला १६ प्रोग्रेस, फेरीला दोन पत्ते, आणि एंगेजमेंट चेक होत नाही. कोणी आपणहून येत नाही म्हणून निवांत वाटतं, पण शत्रू वर, स्टेजिंग एरियात, साचत जातात आणि त्यांची थ्रेट क्वेस्ट खाते. फेरीला एक शत्रू स्वतःहून ओढायचा आणि मारायचा. ‘मार्श अ‍ॅडर’ (थ्रेट ३) ओढण्यासारखा नसेल तर राडागास्ट्स कनिंगने त्याची थ्रेट त्या फेजपुरती काढून टाका. ‘गॉब्लिन स्नायपर’ हा खरा डोकेदुखीचा पत्ता: वर दुसरा शत्रू असेल तर त्याला ओढता येत नाही आणि तो वर असेतो दर कॉम्बॅट फेजच्या शेवटी १ डॅमेज बसतं. सन ऑफ आर्नोर त्याच्यासाठीच ठेवला आहे. तो उतरला की वरचा कोणताही शत्रू एंगेज होतो, स्नायपरची अट तिथे लागत नाही. हिट पॉइंट २, बचाव शून्य. सन ऑफ आर्नोर एकटाच त्याला संपवतो. दुसरा हिल ट्रोल डेकमध्ये अजून असू शकतो, तो डेनेथॉरला दिसला की सरळ तळाशी.

सोळावी प्रोग्रेस कोणत्या फेरीत पडणार हे आधी मोजा. ती क्वेस्ट फेजला पडते, त्याच क्षणी तिसरी स्टेज उघडते, आणखी दोन पत्ते येतात आणि लगेच त्याच फेरीत एंगेजमेंट चेकही पुन्हा सुरू होतात. सगळ्यांना क्वेस्टला पाठवून ती फेरी जिंकलात तर बचावाला कोणीच ताजं नसतं. जिंकत आलेले डाव इथे जातात. त्या फेरीला डेनेथॉर, निदान एक बळीचा अ‍ॅलाय आणि हल्ल्याला दोघे मागे ठेवा, शक्य असेल तर हातात एक स्नीक अटॅकही. तेवढ्याने १६ पूर्ण होत नसेल तर एक फेरी थांबा. शेवटच्या स्टेजला प्रोग्रेस मोजायची नसते, खेळातले सगळे शत्रू मेले की जिंकलात.

तुमच्याकडे २०२२ चा रिव्हाइज्ड कोअर सेट असेल तर प्रत्येक पत्त्याच्या तीन प्रती मिळतात. मग स्टुअर्ड, स्नीक अटॅक, टेस्ट ऑफ विल आणि अनएक्स्पेक्टेड करेज तीन-तीन करा; त्यासाठी दोन्ही सीक्रेट पाथ्स, दोन्ही आर्चर आणि एक डॉटर काढा. स्टुअर्ड पहिल्या हातात येण्याची शक्यता मग सुमारे ३२ टक्के होते, हात बदलून ५४.