बीट कुणाच्या नावावर?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. कंपनीचा करार आलाय, पैसे बरे आहेत, बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, त्यांच्या संगीतकाराची, तू फक्त तुझे शब्द गायचेस. "काका, काय करू?" तुझ्या लिखाणाचं कौतुक नंतर. आधी सांग, ती बीट कुणाच्या नावावर?

तू दिवसभर ज्या अमेरिकन रॅपरला, बिग क्रिटला, ऐकतेस त्याच्याकडेच बघ. गाव मिसिसिपीतलं मेरिडियन, तेव्हा वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. बीट विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून गडी स्वतः बनवायला शिकला. 2010 मध्ये 'क्रिट वॉज हिअर' ही मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेला गाण्यांचा संच, फुकट सोडली. शब्द त्याचे, बीट त्याच्या, उच्चार अस्सल मिसिसिपीचे. डेफ जॅमसारखी न्यूयॉर्कची बडी रॅप कंपनी त्याच्या दारात आली ती यामुळे. बीट स्वतःची होती, पोरी.

आता पुढचं नीट ऐक, कारण इथेच तू घाई करशील. त्या बीटमध्ये जुन्या सोल गाण्यांच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या, रेकॉर्डचे तुकडे होते. फुकट वाटलं तोवर निभावलं. विकायचा अल्बम म्हटल्यावर प्रत्येक तुकड्यामागे दोन परवानग्या लागतात, एक गाण्याच्या हक्कदाराची आणि एक रेकॉर्डच्या मालकाची. त्या परवानग्यांत त्याचा 'लाइव्ह फ्रॉम द अंडरग्राउंड' हा अल्बम 2011 वरून थेट जून 2012 वर गेला. आला तेव्हा अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम यादीत पाचवा, आणि एका गाण्यात सोबतीला ब्लूजचा बादशहा, साक्षात बी. बी. किंग! तरी 2016 मध्ये त्याने कंपनी सोडली. पुढच्या वर्षी स्वतःच्या कंपनीतून जोडअल्बम काढला, एक भाग बिग क्रिट, दुसरा जस्टिन स्कॉट, म्हणजे त्याचं खरं नाव. लोक म्हणतात, रेडिओवर गाजलेलं गाणं कुठंय त्याचं? नसेना का.

मलाही लोक हेच ऐकवतात. माझा एक ठेका एका कंपनीने एकरकमी घेतला. अजून गणपतीत वाजतो, नाव भलत्याचंच. त्यानंतर हक्क विकून एकही काम केलं नाही. बरोबरीच्यांचे अंधेरीत फ्लॅट झाले, मी भाड्याच्या घरात आहे. हट्टी म्हणतात, म्हणोत. पुढच्या प्रत्येक ठेक्याची फाईल माझ्या कपाटात आहे आणि पैसे माझ्याच खात्यात येतात. थोडे येतात, पण येतात.

अगं, तुझ्या डेमोत आजोबांची हलगी आहे. मागे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. ती काढू नकोस. असला आवाज त्या संगीतकाराला सात जन्मांत सापडायचा नाही, आणि तू तो टाकून त्याच्या तयार, पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर गाणार? मग गीतकाराचा वाटा तुला मिळेल, संगीतकाराचा मिळणार नाही, हे तरी कळतंय ना?

सही करू नकोस. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलेलं पान मला फोटो काढून पाठव. हलगीची मूळ फाईल आज दोन ठिकाणी ठेव. आणि आजोबांची लेखी संमती घे, वाजवणाऱ्याचाही हक्क असतो. घरचे आहेत म्हणून टाळू नकोस.

काका