मारुती जिंकेल की गॉडझिला?

"मॅडम, हा दिवसभर मारामारीतच असतो. जेवताना, आंघोळीला गेला की, अभ्यासाला बसवला तरी. एकटाच हातवारे करत ढिशूम-ढिशूम चाललेलं असतं. पुढं जाऊन हिंसक नाही ना होणार?"

मुलांच्या मनाच्या अडचणींवर मी काम करते, त्यामुळे आईबाबांचा हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. पात्रं तेवढी बदलतात. कधी भीम आणि एखादा रोबो, कधी घटोत्कच आणि डायनासोर. बहुतेक मुलांना मी एकदा भेटते आणि आईबाबांना सांगते की खेळू दे. या मुलाला मात्र पाच वेळा बोलावलं. ओळखीच्या खुणा बदलून त्याची गोष्ट सांगते. त्याला इथं बंटी म्हणू.

बंटी नऊ वर्षांचा, घर कराडच्या बाजूला. वर्गशिक्षिकांनी डायरीत शेरा लिहिला होता, "वर्गात लक्ष नाही, वहीत राक्षस काढतो." आईनं ती वहीच माझ्यासमोर ठेवली. गणिताची वही, मागची पंधरा-वीस पानं भरलेली. प्रत्येक पानावर डावीकडे पाठीवर काटे असलेला गॉडझिला, म्हणजे जपानी सिनेमातला महाकाय प्राणी, उजवीकडे गदा घेतलेला मारुती. गॉडझिलाच्या शेजारी उभी रेघ आणि आकडा, ५० मीटर. मारुतीच्या शेजारीही रेघ होती, पण आकडा इतक्या वेळा खोडलेला की दोन-तीन पानांना तिथं भोक पडलं होतं.

आमच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. राक्षस दिसला की आम्ही घरात राक्षस शोधायला लागतो. मीही तेच केलं. "गॉडझिलासारखं मोठ्यानं ओरडणारं कुणी आहे का रे, घरात किंवा शाळेत?" बंटीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, गॉडझिला गॉडझिलाच आहे. आणि तो वाईट नाहीये. बॉम्बमुळे तसा झालाय."

बरोबरच होतं त्याचं. घरी जाऊन मी वाचलं. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये गॉडझिलाचा पहिला सिनेमा लागला. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षं झालेली. तेव्हा तो पन्नास मीटरच होता. हल्लीच्या अमेरिकी सिनेमांत शंभराच्या वर गेलाय. बंटीनं जुना आकडा धरला होता, कारण "पहिला तोच खरा."

दुसऱ्या भेटीत मी अर्थ काढायचं सोडलं आणि नियम विचारले. मुलांच्या कल्पनेत शिरायचा हा सगळ्यात सरळ रस्ता. कोण काय करू शकतं, काय चालत नाही, पंच कोण? बंटी खुलला. गॉडझिला तोंडातून आग सोडतो. मारुतीला आगीचं काही नाही, लंका त्यानंच जाळली. गॉडझिला गिळायला आला तर मारुती अंगठ्याएवढा होणार, सुरसेच्या वेळी झाला होता तसा, तोंडात शिरून बाहेर. मग मी त्या भोकाकडे बोट केलं. "याची उंची का खोडतोस सारखी?"

"मापताच येत नाही. अणूपासोनि ब्रह्मांडाएवढा होत जातसे," तो घडाघडा म्हणाला. भीमरूपी त्याला पूर्ण पाठ होतं.

"मग जिंकतं कोण?"

"अजून संपलीच नाहीये."

"कधीपासून चालू आहे?"

"दिवाळीपासून."

तेव्हा मार्च चालू होता.

इथं मी सावध झाले. मुलांच्या लढाया संध्याकाळी पाच वेळा सुरू होतात आणि पाच वेळा संपतात. कुणी मरतं, लगेच उठतं, पात्रं बदलतात, मध्येच भूक लागते. चार महिने एकच लढाई, तीच दोघं, निकाल नाही आणि खेळताना चेहऱ्यावर गंमत नाही, हे वेगळं. त्यात तो रात्री उशिरापर्यंत जागा असतो, असं आई बोलता बोलता म्हणून गेली होती.

दिवाळीत काय झालं होतं, असं मी तिला विचारलं. "तसं काही नाही. म्हणजे सासरे गेले. पण त्याला फारसं लागलं नाही. रडलासुद्धा नाही."

सासरे जायच्या आदल्या दिवशी बंटीला इस्लामपूरला मावशीकडे पाठवलं होतं. दहा-बारा दिवसांनी तो परत आला तेव्हा आजोबांची कॉट हलवलेली, औषधांचा डबा गेलेला. देवाघरी गेले, एवढं सांगितलं. पुढं कुणी विषय काढला नाही, तो विसरलाय तर कशाला आठवण द्या म्हणून. कुणाला दोष देत नाही मी. आपल्याकडे घरोघरी असंच करतात.

हेच आजोबा दर काही शनिवारी त्याला स्कूटरवर बसवून समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती दाखवायला न्यायचे. चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर. अकरांपैकी सात झाले होते. बहे, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव राहिले होते.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "गॉडझिला दर सिनेमात परत येतो ना? म्हणजे तोही चिरंजीवच म्हणायचा." मला वाटलं होतं, परत येण्याच्या आशेवर तो अडकलाय. पुन्हा माझंच चुकलं. "नाही मॅडम. पहिला मेला. समुद्रात विरघळला. नंतर आला तो दुसरा." थोडं थांबून म्हणाला, "मेलेलं परत येत नाही." नवव्या वर्षी मुलांना हे पक्कं कळलेलं असतं. ते त्यांना कळलंय हे बहुतेक वेळा आपल्याला कळलेलं नसतं.

मग अडलं होतं कुठं? ते चौथ्या भेटीत बाहेर आलं, तेही चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता. "आजोबा रोज भीमरूपी म्हणायचे. त्यात आहे, रोगव्याधी समस्तही नासती. मग?"

एवढंच. मारुती जिंकला, तर तो एवढा ताकदवान असून आजोबांसाठी आला का नाही? आणि हरला, तर आजोबा सांगायचे ते खोटं. नऊ वर्षांचा मुलगा दोन्ही निकाल टाळत चार महिने पंचाचं काम करत होता. झोप कुठून येणार?

मी उत्तर दिलं नाही. देव का आला नाही, याचं उत्तर माझ्या पदवीत बसत नाही. आई-बाबांना बोलावून सांगितलं की हा प्रश्न त्याला घरात, मोठ्यानं विचारू द्या. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, पण गप्प करू नका. आजोबांचं नाव घ्या, त्यांच्या खोड्या सांगा, तुम्हाला रडू आलं तर त्याच्यासमोर येऊ द्या. "झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" असं लहान मुलांना कधीच सांगू नका. त्यांना झोपेची नाहीतर गावाची भीती बसते.

उत्तर दिलं ते आजीनं. ओट्यावर भाजी निवडत होती म्हणे. "अरे, शेवटच्या रात्रीसुद्धा दवाखान्यात पुटपुटत होते. पुढचं वाच की, नासती तुटती चिंता. रोग नाही गेला त्यांचा. चिंता तुटली होती. मी बघितलंय ना." हे वाक्य मला वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सुचलं नसतं.

आता मूळ काळजीबद्दल. मारामारीच्या कल्पनेनं मूल हिंसक होत नाही. मी सावध होते ती वेगळ्या गोष्टींनी. खरोखरचं मांजर, धाकटं भावंड, वर्गातलं एखादं मूल यांना मुद्दाम दुखवत असेल आणि त्याचं काही वाटत नसेल. खेळ आणि खरं यातली सीमा शाळकरी वयातही सापडत नसेल. किंवा बंटीसारखं, तोच प्रसंग गंमत संपली तरी सुटत नसेल आणि झोप, भूक, मित्र यांवर परिणाम होत असेल. यातलं काही असेल तर दाखवायला आणा. नसेल तर वही फाडू नका, "काय हे राक्षस काढतोस" म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, कोण किती उंच आहे?

पाचव्या भेटीला बंटी बाबांबरोबर आला. आदल्या रविवारी दोघं बह्याला जाऊन आले होते. तिथला मारुती कृष्णेतल्या बेटावर आहे. मी लढाईचं विचारलं. त्यानं नवीन पान काढलं. गॉडझिला नदीत उभा, पाणी त्याच्या घोट्यापर्यंतसुद्धा नाही.

"त्याला लपायला जागाच नाही," बंटी म्हणाला. "म्हणून परत समुद्रात गेला."

"आणि मारुती?"

"तो तिथंच आहे. शिराळ्याला पुढच्या रविवारी जायचंय. बाबांना रस्ता माहीत नाही, पण आजोबांच्या डायरीत आहे."