जर्मनीत रुजू होण्याआधीच दिवस राहिले असतील तर

तुमचा प्रश्न असा आहे : स्टुटगार्टच्या कंपनीच्या करारावर सही झाली आहे, पहिले सहा महिने प्रोबेशनचे आहेत, आणि पुण्याहून निघण्याआधीच दिवस राहिल्याचे कळले आहे, तर कंपनीला हे सांगावे का, आणि सांगितल्यास नोकरी जाईल का? मी इथे बरीच वर्षे नोकरी करते आहे आणि माझे बाळंतपणही इथेच झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या कारणाने नोकरी जाणार नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून प्रसूतीनंतर चार महिन्यांपर्यंत मालकाला तुम्हाला काढता येत नाही, आणि प्रोबेशन याला अपवाद नाही. अगदी विरळा प्रकरणी, तेही सरकारी कार्यालयाची आगाऊ परवानगी घेऊनच, हे शक्य होते. करार झाला पण कामाचा पहिला दिवस उजाडलेला नाही, अशा स्त्रीलाही हे संरक्षण मिळते, असा निकाल एरफुर्टच्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये दिला आहे. कंपनीला काही माहीत नसताना नोटीस हातात पडलीच, तर दोन आठवड्यांच्या आत गरोदर असल्याचे कळवावे आणि तीन आठवड्यांच्या आत श्रम न्यायालयात दावा दाखल करावा; ही दुसरी मुदत चुकवू नका. नुसत्या ईमेलने आलेली नोटीस तर मुळातच अवैध असते.

मात्र दोन ठिकाणी हा कायदा तुमच्या मदतीला येत नाही. करार मुदतीचा असेल, तर गरोदर असलात तरी तो ठरलेल्या तारखेला संपतो, म्हणून ते कलम आजच पुन्हा वाचा. दुसरे म्हणजे, परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा कागद. माझ्या ओळखीच्या एका मुलीला मीटिंग रूममध्ये बोलावून, समोर दोन पानी कागद आणि पेन ठेवून, 'आजच सही केलीत तर दोन पगार जास्त देऊ' असे गोड आवाजात सांगण्यात आले होते. 'घरी नेऊन वाचते' म्हणून ती उठली, हे फार चांगले केले. कारण कायद्याची बंदी मालकाने काढण्यावर आहे, तुम्ही स्वतः केलेल्या सहीवर नाही, आणि नोकरीवर आधारलेल्या व्हिसाचा प्रश्न त्यात वेगळाच.

मुलाखतीत गरोदरपणाविषयी विचारण्याचा मालकाला अधिकार नाही, त्यामुळे तुम्ही काही लपवले असे होत नाही. रुजू झाल्यावर लवकर कळवावे अशी कायद्याची अपेक्षा असली, तरी त्याला ठरावीक मुदत नाही. माझे मत विचाराल, तर इथल्या डॉक्टरांकडून तपासणीची नोंदवही, म्हणजे मुटरपास, हाती आला की लेखी कळवून टाकावे; कारण कामाच्या जागेतील धोक्यांची तपासणी, रात्रपाळीतून सुटका, पाच किलोपेक्षा जास्त वजन वारंवार उचलण्यास मनाई हे सारे कळवल्यानंतरच लागू करता येते. अशा मनाईमुळे काम कमी झाले तरी पगार कमी होत नाही, आणि कंपनीला ती रक्कम सर्व मालकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या निधीतून परत मिळते, तेव्हा मनात संकोच नको.

पैशांचे गणित मात्र नीट समजून घ्या. प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे (जुळे असल्यास किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास बारा) हातात पडणारा सरासरी पगार मिळत राहतो : दिवसाला 13 युरोपर्यंत सरकारी आरोग्य विमा देतो, उरलेले कंपनी. भारतातल्या 26 आठवड्यांपुढे ही रजा तोकडी वाटेल, पण भारतासारखी आधी 80 दिवस काम केल्याची अट इथे नाही. खासगी विमा घेतलात तर दिवसाच्या 13 युरोंऐवजी सरकारकडून एकदाच 210 युरोपर्यंत मिळतात, म्हणून एजंटच्या बोलण्यात येऊ नका.

खरी खोट एल्टर्नगेल्टमध्ये, म्हणजे नंतरच्या पालक भत्त्यात, बसेल. तो साधारणपणे बाळाच्या जन्माआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी मासिक उत्पन्नाच्या 65 टक्के, पण दरमहा 300 ते 1800 युरोंच्या मर्यादेत असतो, आणि पुण्यातल्या पगाराचे महिने त्यात शून्य धरले जातात. त्यामुळे तुमचा भत्ता इथल्या पगाराच्या मानाने बराच कमी येईल. रुजू होण्याची तारीख अलीकडे आणता येत असेल, तर डॉक्टरांशी बोलून तसे कंपनीला आत्ताच विचारा.