दाढ दुखत नसताना जा

इंदूर

चि.स अनेक आशीर्वाद.

भीतीपोटी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं लांबवत आलीस, यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीती गेली की जाईन, हा हिशेब मात्र उलटा आहे. दाढ बधिर करायला लिग्नोकेन टोचतात, ते निरोगी जागी चांगलं काम करतं. आत पू किंवा जोराची सूज असली की तिथला भाग आम्लधर्मी होतो, औषध नसेत पुरेसं शिरत नाही आणि दोनदा टोचूनही कळ येत राहते. ठणका असह्य होईपर्यंत थांबणारा माणूस असा नेमका भूल कमी चढण्याच्या दिवशी खुर्चीत बसतो, आणि घरी येऊन म्हणतो, बघितलंत, म्हणूनच जात नव्हतो!

म्हणून पहिली भेट काही दुखत नसताना घे. वेळ घेतानाच फोनवर सांग की मला भीती वाटते, आज फक्त तपासणी आणि लागला तर एक्स-रे. समोरासमोर बोलण्यापेक्षा फोनवर हे सोपं जातं. डॉक्टरांनी ‘अरे, इसमें क्या डरना’ म्हणून विषय मिटवला तर खुशाल दुसरं दार बघ. जाणता डॉक्टर विचारतो, भीती कशाची? सुईची, ड्रिलच्या आवाजाची, तोंडात पाणी साचून गुदमरण्याची, की आडवं पडल्यावर आपल्या हातात काही न राहण्याची?

सुईची असेल तर हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारं जेल लावायला सांग आणि एक-दोन मिनिटं थांबायला सांग. ओल्या हिरडीवर जेल लावून उपयोग नाही, ते लाळेबरोबर वाहून जातं आणि जीभच बधिर होते. औषध सावकाश सोडलं पाहिजे, एका मिलिलिटरला साधारण एक मिनिट. सुईपेक्षा घाईने ढकललेलं औषधच जास्त दुखतं. त्यात बहुतेकदा ॲड्रिनलिन असतं. त्याने छाती क्षणभर धडधडते आणि भित्र्या माणसाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. काही मिनिटांत ते ओसरतं. (हृदयाचा त्रास, चालू गोळ्या, औषधाची ॲलर्जी हे मात्र आधीच सांगायचं.) खालच्या दाढेची नस बधिर व्हायला पाच-दहा मिनिटंही लागतात. त्या बाजूचा ओठ जड झाल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका, असं स्पष्ट म्हण. भूल दुखणं थांबवते, दाब थांबवत नाही. ढकलल्यासारखं जाणवेल ते चालायचंच, सणक गेली तर हात वर कर.

हात डावा. डॉक्टर बहुधा उजवीकडे बसतात, तिकडचा हात हत्याराला लागेल. ही खूण काम सुरू होण्याआधी एकदा वापरून बघ. खरंच थांबतात का, ते तिथेच कळतं.

गुदमरल्यासारखं होत असेल तर खुर्ची थोडी उभी ठेवायला सांग, श्वास नाकाने घे. सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नको. सुई बघून घेरी येणाऱ्यांनी मांड्या आणि पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद आवळून सैल सोडाव्यात, असं पाचेक वेळा. त्याने रक्तदाब घसरत नाही. साध्या तपासणीला किंवा फिलिंगला उपाशीपोटी जाऊ नको. पोहे खा, दात घास आणि निघ.

क्लिनिक घराजवळचं निवड. रामबागेत राहून विजयनगरची वेळ घेतलीस तर अर्ध्या वाटेतून परतशील. शासकीय दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो आणि वर शिक्षकांची नजर असते, पण शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात. तुझ्यासारखीला तोच चेहरा पुन्हा दिसणं महत्त्वाचं. त्या एका माणसाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं की हिची खालची नस एका इंजेक्शनने बधिर होत नाही. जुना एक्स-रे असला की दाढेतला डाग वाढतोय की आहे तसाच आहे हे कळतं. नव्या डॉक्टरकडे तुलनेला काही नसतं, मग शंकेचा निकाल ड्रिलने लागण्याची शक्यता वाढते. एक फट मात्र राहते. पुष्कळ क्लिनिकांत रूट कॅनाल किंवा अक्कलदाढ काढायला बाहेरचे तज्ज्ञ येतात. काम कोण करणार हे आधी विचार, आणि तुझे डॉक्टर त्या वेळी खोलीत थांबतील का तेही.

बोलणं बहुधा हिंदीत होईल. तेव्हा सगळ्याचं ‘दर्द हो रहा है’ करून टाकू नकोस. थंड पाण्याने सणक जाऊन लगेच थांबते, हे वेगळं. तिथे बरेचदा फिलिंगवर भागतं. गरम चहाने सुरू झालेली कळ रेंगाळते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, ही रूट कॅनालकडे जाणारी वाट. हे फरक सांगितलेस तर निदानाचं अर्धं काम तूच केलंस.

सकाळची वेळ घे, म्हणजे दिवसभर धास्ती बाळगावी लागणार नाही. ओठाचा बधिरपणा दोन-तीन तास, कधी त्याहून जास्तही राहतो. तोवर काही चावू नकोस, गालच चावला जातो आणि कळत नाही. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायला हरकत नाही. भुट्ट्याचा कीस चालेल. गराडू, म्हणजे तळलेले कंदाचे तुकडे, खायचेच असतील तर दुसऱ्या बाजूने.